डायलिसिसवरचा रोजा

"सर, हा तुमचाच विषय आहे," डीन मॅडम म्हणाल्या.

"माझा विषय मूत्रपिंड आहे," मी म्हणालो.

त्या हसल्या. मी विनोद केला असं त्यांना वाटलं. मी मात्र मनापासून बोललो होतो. पिंपरीच्या अलीकडे असलेल्या एका मेडिकल कॉलेजात मी आयुष्यभर किडनीचे विकार शिकवले आणि यंदा निवृत्त झालो. माझं आडनाव शेख. आडनाव कळलं की लोकांना माझ्याबद्दल बरीच माहिती आपोआप मिळते. त्यातली निम्मी मलाही नवीन असते.

झालं होतं असं की, मॅडम कुठल्याशा परिषदेला जाऊन आल्या होत्या आणि तिथे त्यांनी वैद्यकीय शिक्षणात इस्लामी मूल्यं कशी आणावीत यावर कुणाचं तरी भाषण ऐकलं होतं. त्यांना ते फार आवडलं. आपल्याकडे नीती आणि संवादाचे तास असतातच, त्यात निरनिराळ्या परंपरांमधली मूल्यं घालू या, असं त्यांनी ठरवलं. आयुर्वेदाच्या वैद्यांना एक तास, चर्चच्या दवाखान्यातल्या फादरांना एक तास, आणि इस्लामचा तास मला. मी शुक्रवारची नमाज जमेल तेव्हा पढणारा, रोजे धरणारा, पण धर्मावर चार वाक्यं बोलायची वेळ आली तर घसा साफ करत बसणारा माणूस. नाही म्हणायला हवं होतं. पण निवृत्ती जवळ आली की माणूस उगाच हो म्हणायला लागतो.

मी तयारी केली. दया, खरं बोलणं, रुग्णाची परवानगी घेणं, त्याची लाज राखणं, नियत साफ ठेवणं, असं सगळं फळ्यावर लिहिलं. तिसऱ्या वर्षाची मुलं शांतपणे उतरवून घेत होती. शेवटच्या बाकावरच्या एकानं हात वर केला.

"सर, यात इस्लामी काय आहे? हे तर डॉक्टरनं करायचंच असतं ना?"

मी फळ्याकडे पाहिलं. मला काही सापडलं नाही. "बरोबर आहे," म्हणालो आणि खाली बसलो. तास संपल्यावर वर्गातली एकुलती एक मुस्लिम मुलगी येऊन म्हणाली, "सर, पुढच्या वेळी माझ्याकडे बघून शिकवू नका प्लीज. तुम्ही बघता म्हणून सगळा वर्ग माझ्याकडे बघतो." तेही बरोबरच होतं.

मग मी ठरवलं, फळा पुरे. आपल्याला जे येतं त्यातूनच शिकवायचं, म्हणजे पेशंट. रमजान तोंडावर होता आणि माझ्या डायलिसिस विभागात निसारभाई होते.

ज्यांनी डायलिसिस पाहिलेलं नाही त्यांना थोडं सांगायला हवं. किडन्या निकामी झाल्या की शरीरातलं जास्तीचं पाणी आणि क्षार बाहेर पडत नाहीत. मग आठवड्यातून तीनदा माणसाला खुर्चीत नाहीतर खाटेवर चार तास बसवायचं, हातात दोन जाड सुया टोचायच्या, रक्त मशीनमध्ये घ्यायचं, गाळायचं आणि परत आत सोडायचं. लोकांना वाटतं मशीन हाच उपचार. खरा उपचार मधल्या दिवसांत घरी चालतो, आणि तो फार कठीण असतो. पाणी दिवसाला दोन-तीन पेले, त्यातच चहा आला, आमटीही आली. जास्त प्यालात तर ते पाणी फुप्फुसात जाऊन बसतं. दुसरी भीती पोटॅशियमची. हा क्षार केळी, शहाळं, बटाटा, सुकामेवा, म्हणजे एरवी आम्हीच लोकांना खा म्हणून सांगतो त्या सगळ्यात असतो. तो वाढला की हृदय सांगून-सवरून थांबत नाही, नुसतं थांबतं. म्हणून पेशंट आला की आधी वजनकाटा, मधल्या दिवसांत किती पाणी प्याला ते तिथे कळतं. काट्यावर चढताना प्रत्येकाचा चेहरा चोरी पकडली गेल्यासारखा होतो.

निसारभाई मूळचे बीडकडचे. चिखलीत त्यांचं दोन लेथ मशीनचं वर्कशॉप होतं, चाकणच्या कंपन्यांना लागणारे सुटे भाग तिथे होत. ब्लडप्रेशरकडे वर्षानुवर्षं दुर्लक्ष केलं आणि पन्नाशीतच किडन्या गेल्या. अंगानं दांडगे, आवाज लेथपेक्षा मोठा. शेजारच्या खाटेवर चऱ्होलीचे तात्या. तात्यांच्या शेतावर आता चौदा मजली इमारती उभ्या आहेत आणि त्यातलाच एक फ्लॅट त्यांना मिळालाय. लिफ्टचा त्यांना मनस्वी राग. या दोघांच्या खाटा शेजारी लागल्यापासून विभागात दुसऱ्या कुणाला बोलायची संधीच मिळत नसे. एकमेकांच्या वजनावरून त्यांची रोज भांडणं व्हायची.

निसारभाईंची परवानगी घेऊन मी विद्यार्थ्यांना त्यांच्या खाटेशी आणलं. "रमजान येतोय. रोजे धरायचा विचार आहे?"

"आजवर एक सोडला नाही, साहेब."

मी त्यांना समजावलं. आजारी माणसाला धर्मानंच सूट दिलेली आहे, रोज्याच्या बदल्यात एखाद्या गरिबाला जेवू घालता येतं, जीव जपणं हेही इबादतच, उपासनाच आहे. बोलताना मलाच माझं कौतुक वाटत होतं. निसारभाई खाली मान घालून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तुम्ही आपले आहात, साहेब. तुम्ही सांगायलाव तर नाही धरत."

मुलं खूष, डीन मॅडम त्याहून खूष. धर्म आणि विज्ञान हातात हात घालून कसे चालतात याचं हेच उदाहरण अभ्यासक्रमात घालू या, असं त्या म्हणाल्या. घरी जाऊन मी बायकोला सांगितलं तर रझिया म्हणाली, "सूट देणारे तुम्ही कोण?" मी म्हणालो, मी दिली नाही, फक्त सांगितली. तिनं मान हलवली. ती पटल्याची होती की कंटाळ्याची, मी विचारलं नाही.

रमजानचा दुसरा आठवडा असेल. संध्याकाळी मी निघण्याच्या बेतात होतो तर निसारभाईंना त्यांच्या बायकोनं आणि जावयानं रिक्षातून आणलं. पाय उचलत नव्हते. कार्डिओग्रामची पट्टी पाहिली. पोटॅशियम इतकं चढलं होतं की रिपोर्टची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. इंजेक्शनं दिली, ताबडतोब मशीनला लावलं. प्रतीक्षा नावाची, शेवटच्या वर्षाची लातूरची एक विद्यार्थिनी तेव्हा वॉर्डात होती, ती पट्टीवरून नजर हलवत नव्हती. तासाभरानं पट्टी माणसात आली. मी तोवर घामानं भिजलो होतो आणि भीती उतरली तसा माझा राग वर आला.

"रोजा धरला होतात ना?"

"नाही, साहेब. अल्लाह की कसम."

"मग हे कशानं झालं?"

भाभी दबकत म्हणाल्या, "रोजा नव्हता डॉक्टरसाब. रोज इफ्तारला बसत होते फक्त. सगळ्यांसंगट."

इफ्तार म्हणजे सूर्य मावळल्यावर रोजा सोडणं. चादर अंथरतात, त्यावर खजूर, केळी, कलिंगड, लिंबाचं नाहीतर गुलाबाचं शरबत मांडतात, आणि घरातले सगळे भोवती बसतात. खजूर तर पहिलं. एकेक खजूर म्हणजे माझ्या पेशंटला पोटॅशियमची गोळीच.

"अहो, रोजाच नाही तर इफ्तार कशाची करता?" मी ओरडलो.

निसारभाई थकले होते, पण डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "साहेब, रोजा नाही धरला म्हणून घरचा राहिलो नाही का मी? पोरं बसतात, जावई बसतो, वर्कशॉपची माणसं बसतात. माझ्या हातानं मी सगळ्यांना खजूर देतो. मी काय आत जाऊन बसू?"

मी दुसरीकडे पाहिलं. समोर भिंतीवर आमच्या विभागाची सूचना लावलेली होती, मजकूर माझाच: उपवासाला बटाटा, रताळं, शेंगदाणे, केळी खाऊ नयेत. दर एकादशीनंतर दोन-तीन पेशंट हमखास अत्यवस्थ होऊन येतात, उपाशी राहून नाही, उपवासाचं खाऊन. म्हणून मी प्रत्येकाला विचारतो, एकादशी धरता का, धरता तर काय खाता, शेंगदाण्याचं कूट किती घालता. तात्यांची तर मी उलटतपासणीच घ्यायचो.

प्रतीक्षानंही ती सूचना वाचली असावी. ती हळूच म्हणाली, "सर, एकादशीचं आपण सगळ्यांना विचारतो." एवढंच. टोमणा नव्हता त्यात, मुलगी तशी नव्हती.

मी त्या प्रश्नात आजही अडकलेलो आहे. साबुदाण्याच्या खिचडीत शिरणारा मी, खजूर विचारायला कसा विसरलो? मी लहानपणापासून त्याच चादरीशी बसलोय. रोजा नसलेले आजोबा, आजारी आत्या, पाळण्यातून नुकती उतरलेली पोरं, सगळे इफ्तारला बसतात हे मला कुणी सांगायला नको होतं. माहीत होतं म्हणूनच विचारावंसं वाटलं नाही की काय? बाहेरच्या माणसाला जे दिसलं असतं ते घरच्याला दिसत नाही, असं म्हणावं तर डीन मॅडमनी मला घरचा म्हणूनच तर नेमलं होतं.

दुसऱ्या दिवशी शांतपणे बोललो. "निसारभाई, इफ्तारला बसा. पण खजूर नको. पाण्याच्या घोटानंही इफ्तार होते, हे तुम्हालाही ठाऊक आहे."

"पाणीसुद्धा तुम्हीच मोजून देताव की."

"मग त्या मोजलेल्यातलाच एक घोट संध्याकाळसाठी ठेवा."

त्यांचा चेहरा उजळला. मला वाटलं, सुटलो.

पुढच्या वेळी ते काट्यावर चढले आणि टेक्निशियननं काटा हलवून पाहिला. मधल्या दिवसांत वजन जवळजवळ वाढलंच नव्हतं. त्याच्या पुढच्या वेळीही तसंच. इतकं चांगलं वजन त्यांनी कधीच आणलं नव्हतं. तात्या संशयानं बघत होते. मी विचारलं, "काय करताय काय?"

"काही नाही. तुमचं पथ्य पाळायलोय."

खुलासा भाभींनी केला. कॉरिडॉरमध्ये मला गाठून त्या हसत म्हणाल्या, "डॉक्टरसाब, तुम्ही तर ह्यांना रोजा लावून दिला!" संध्याकाळसाठी एक घोट राखता राखता निसारभाईंनी सगळंच पाणी संध्याकाळसाठी राखायला सुरुवात केली होती. डायलिसिस नसेल त्या दिवशी पहाटे सहरीला थोडं खायचं, गोळ्या घ्यायच्या, मग सूर्यास्तापर्यंत काही नाही. माझ्यासमोर ते त्याला पथ्य म्हणत आणि घरी रोजा.

मला रागवायचं होतं, पण कशावरून रागवावं कळेना. पोटॅशियम ठीक, वजन ठीक, प्रेशर ठीक. मी ज्याला रोज्यातून मोकळं केलं तो माझ्याच सल्ल्यानं रोजे धरत होता आणि त्यानं त्याचं बरं चाललं होतं. अशी केस मी कुठल्या पुस्तकात वाचली नव्हती. दुसऱ्या कुणा पेशंटला हेच सांगितलं असतं तर तो कोसळलाही असता. मी रक्ततपासण्या वाढवल्या आणि गप्प राहिलो. ईद झाली आणि महिन्याभरात निसारभाईंचं वजन पुन्हा पहिल्यासारखं वाढून येऊ लागलं.

"अहो, त्या महिन्यात जमत होतं ना?"

"रमजानमधी आपोआप जमतं, साहेब. आता कशाच्या जोरावर थांबू?"

शेजारून तात्या म्हणाले, "डॉक्टर, मला बी शिकवा की त्यो रोजा. माझं पानी काय सुटत न्हाई बघा."

"तुमची एकादशी आहे ना?" निसारभाई म्हणाले.

"व्हय, पन आमच्या एकादशीत खायाचंच लई हाय."

सगळा विभाग हसला. पुढच्या एकादशीला मात्र तात्यांनी खरंच बटाटा-शेंगदाणे सोडले आणि संध्याकाळपर्यंत पाणी धरून ठेवलं. निसारभाईंनी त्यांना फोनवरून सूर्यास्ताची वेळ सांगितली. दुसऱ्या दिवशी तात्या काट्यावर अशा रुबाबात चढले की जणू फेटा बांधलाय. मी दोघांना तंबी दिली, प्रयोग करायचे तर मला विचारून. दोघांनी माना डोलावल्या. दोघंही ऐकणार नव्हते.

पुढच्या वर्षीचा तास आला तेव्हा माझ्याकडे फळ्यावर लिहायला काहीच नव्हतं. झालं ते सांगितलं. मुलं गोंधळली.

"मग सर, रोजा धरू द्यायचा की नाही?"

"माहीत नाही."

"आणि परीक्षेत काय लिहायचं?"

"परीक्षेत सूट आहे असं लिहा."

डीन मॅडमना तासाचा उद्देश आणि फलित लेखी हवं होतं. मी दोनदा लिहायला बसलो. पेशंट काय खातो हे विचारा, कुणाबरोबर बसून खातो हेही विचारा, इथवर यायचो आणि पेन थांबायचं. हे इस्लामी मूल्य म्हणून लिहू की आहारशास्त्र म्हणून? मॅडम समजूतदार बाई, त्यांनी नंतर विचारणं सोडून दिलं.

रमजान पुन्हा आला. या खेपेला निसारभाईंनी आडपडदा ठेवला नाही. "परवानगी द्या," म्हणाले. आम्ही ठरवलं, दर डायलिसिसला रक्त तपासायचं, जरा इकडचं तिकडे झालं की बंद. त्यांनी कबूल केलं आणि खरोखर पाळलं. रिपोर्ट नजर लागावी असे येत होते. प्रतीक्षा आता आमच्याकडेच इंटर्न होती, ती ते रिपोर्ट मला हौसेनं आणून दाखवायची. मधल्या एका आठवड्यात भाभींचा फोन आला. पहाटे सहरी करून निसारभाई पुन्हा झोपले होते, ते उठले नाहीत.

मला फार वाईट वाटलं. आणि रागही आला, तो कुणावर होता ते कळलं नाही. आदल्या दिवशीचे त्यांचे रिपोर्ट काढून मी पुनःपुन्हा पाहिले. कुठे काही वावगं नव्हतं. डायलिसिसच्या पेशंटचं हृदय असं अचानक थांबतं, रोजा असो वा नसो, हे मी वर्षानुवर्षं शिकवत आलोय. शिकवलेलं खरं असतं, पण त्या दिवशी त्याचा मला काही उपयोग झाला नाही.

"सर, रोज्यामुळे?" प्रतीक्षानं विचारलं. तिचे डोळे सुजले होते.

"नाही वाटत."

"म्हणजे नाही?"

"नाही वाटत म्हणजे नाही वाटत, प्रतीक्षा. याहून जास्त मला सांगता येत नाही."

दफनाला मी गेलो. भाभींना भेटायला धजत नव्हतो. जाणं भाग होतं म्हणून घरी गेलो, तर त्या आतून, विधवेनं पाळायच्या पडद्यामागून म्हणाल्या, "गेल्या साली खजूर खाल्ले तवाच जाणार होते डॉक्टरसाब. एक रमजान तुम्ही दिला." मी तिथेच उंबऱ्याजवळ उभा राहिलो. हे त्या माझं समाधान करायला बोलत होत्या की खरं मानून, मला ठरवता आलं नाही, पण मी त्यावर रडलो.

तीन दिवसांनी तात्यांची पाळी होती. शेजारच्या खाटेवर आता भोसरीचा एक नवा तरुण पेशंट होता आणि विभागात मशीनच्या आवाजाशिवाय काही ऐकू येत नव्हतं. तात्या काट्यावर चढले. एकादशी आसपास नव्हती, तरी वजन अगदी हवं तिथे. मी म्हणालो, "वा तात्या! असंच ठेवा."

तात्या खूष झाले नाहीत. खाटेवर जाऊन बसले. प्रतीक्षा सुया काढून तयारी करत होती. तिला त्यांनी हातानं थांबवलं आणि मला जवळ बोलावलं.

"डॉक्टर, येक इचारू का? तुमाला ठावं आसंल म्हून इचारतो."

"विचारा ना."

"निसारचं ह्या महिन्यातलं रोजं ऱ्हायलं. तवापास्नं मी धरलंत. पहाटं खायाचं, मंग दिस बुडंस्तोवर पानी बी न्हाई. त्येच्या नावानं. तुमच्यात चालतंय का, मला म्हाईत न्हाई."

प्रतीक्षा माझ्याकडे बघत होती. मेलेल्याचे राहिलेले रोजे दुसऱ्यानं धरावेत का, यावर आमच्यातच एकमत नाही, एवढं मी कधीतरी ऐकलं होतं. माळकरी माणसानं ते शेजारच्या खाटेसाठी धरावेत का, याबद्दल कुणी काही म्हटलेलं माझ्या कानावर नव्हतं. मी प्रकृतीचं बोलू लागलो. चक्कर येते का, अशक्तपणा वाटतो का, गोळ्या कधी घेता.

"ते ऱ्हाऊ द्या, मी बरा हाय," तात्या म्हणाले. "मी धरल्यालं त्येला पोचत्यात का, तेवढं सांगा."

मशीन तयार असल्याची शिट्टी वाजली. ती बंद करायला कुणी पुढे झालं नाही.

"पोचतात," मी म्हणालो.

तात्यांनी डोळे मिटले आणि हात सुईसाठी पुढे केला.